राखाडी कॅरिअरमधली फिर्यादी

"लिही," आमचे हे म्हणाले. "कू बोंगशिक. नजर ससाण्याची, नाक शिकारी कुत्र्याचं, स्मरणशक्ती हत्तीची."

"आणि माणसाचं काही शिल्लक?" मी विचारलं.

"तर्कबुद्धी. पण ती सगळ्याच माणसांना नसते." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे सूचक नजर टाकली.

मी काहीच लिहून घेतलं नाही, कारण माझ्या एका हातात दान्बी होती आणि दुसऱ्या हातात तिचा भरलेला डायपर. दान्बी आमची मुलगी, वय सात महिने. ती जन्मली त्या दिवशी कोरियातल्या देजॉन शहराच्या या सोसायटीत आम्हा दोघांची नावं खालसा झाली. मी दान्बीची आई, हे दान्बीचे बाबा. मला त्याचं काही वाटत नाही. ह्यांना वाटतं, म्हणून ते दिसेल त्याला ससाण्यापासून सुरुवात करून स्वतःची ओळख करून देतात.

नोकरी म्हणाल तर हे पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालची गळती शोधतात. आमच्या मोरीतला नळ जमिनीच्या वर असल्यामुळे तो गळतोच आहे. गेल्या वर्षी त्यांनी घरबसल्या खासगी गुप्तहेराचा कोर्स केला आणि प्रमाणपत्राला चौकट करून ते फ्रिजच्या वर टांगलं. तेव्हापासून त्यांचा दरारा वाढला आहे. सोसायटीतले कचऱ्याचे डबे पळवणारी टोळी त्यांनी जिवाच्या आकांताने पाठलाग करून पकडली. ती महापालिकेची कचरागाडी निघाली.

दान्बी झाली तेव्हा तिला रोज छातीशी बांधून न्यायला कुठलं कॅरिअर घ्यावं, हा प्रश्न आला. इतर बाप दुकानात जातात आणि घेऊन येतात. ह्यांनी चौकशी आयोग बसवला. नातेवाइकांची, शेजाऱ्यांची, मित्रांच्या मेहुण्यांची कॅरिअरं मागून आणली आणि दान्बी लहान म्हणून त्यांत तांदळाची गोणी बांधून चाचण्या केल्या. गोणीला टोपडंही घातलं. ते मंडईतून फिरत असताना एक मुळेवाली आजी आत डोकावली आणि म्हणाली, "अगदी बाबांवर गेलंय."

बसायला फळी असलेलं कॅरिअर त्यांना आधी फार आवडलं, बाळ कसं गॅलरीत बसल्यासारखं बसतं म्हणून. पण फळी ह्यांच्या पोटात रुतायची, आणि बसमध्ये त्यांच्यापुढे उभं राहायला कोणी तयार होईना. पाठीवर फुलीसारखे पट्टे येणारं एक होतं. त्याचं बकल मागे लावायला दुसरा माणूस लागतो. हे बसस्टॉपवर एकेका प्रवाशाकडे पाठ करून उभे राहायचे आणि लोक दोन पावलं मागे सरकायचे. जाळीचं कॅरिअर हवेशीर होतं, पण गोणीवरून ते दान्बीवर आलं तेव्हा तिच्या गालावर जाळी उमटली. चुंबकाच्या बकलवालं तर फ्रिजच्या दाराला चिकटलं आणि मी ऑफिसच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत असल्यामुळे हेही बराच वेळ तिथेच राहिले. शिवाय छातीवर बाळ असताना गरमागरम कालगुक्सू, म्हणजे रश्शातल्या शेवया, खाऊन त्याच्या टाळूवर शेवई पडते का, ही एक चाचणी होती. ती मात्र मला पटली. संडासातल्या चाचणीचा अहवाल मी बाहेर जाऊ दिला नाही.

शेवटी एक साधंसुधं कॅरिअर पहिलं आलं. खांद्याला जाड गादी, कमरेला रुंद पट्टा, एकट्याने बांधता येतं, धुता येतं. ह्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर असा काही लेख टाकला की वाचणाऱ्याला वाटावं, हे कॅरिअर न घेणारं मूल पुढे गुन्हेगारीकडे वळेल. आमच्याकडे एखादी वस्तू चार घरांत रुळली की ती "राष्ट्रीय" होते. राष्ट्रीय बाटली, राष्ट्रीय पाळणा, राष्ट्रीय डुलती खुर्ची. पाचव्या घराने वेगळं काही घेतलं तर त्या घराचं काहीतरी बिनसलं आहे असं समजतात. बघता बघता अर्ध्या सोसायटीच्या छातीवर तेच कॅरिअर आलं, आणि रंगही तोच, उंदरासारखा राखाडी. लोकांच्या डोळ्यांवर येत नाही म्हणून.

दान्बीला ते मानवलं. खांद्याच्या पट्ट्याचं टोक तोंडात धरून ती दोन मिनिटांत झोपायची. आणि माझं सगळं त्या झोपेवरच अवलंबून होतं. मी महापालिकेच्या उद्यान खात्यात आहे. माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती, आता बालसंगोपनाची रजा हे घेणार होते आणि सोमवारी मी कामावर जाणार होते. रजा वाढवली तर माझी जागा दुसऱ्याला द्यायचं वरिष्ठांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. थोडक्यात, माझं करिअर त्या कॅरिअरला लटकलं होतं.

आणि शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, दान्बीने त्यात बसायला नकार दिला.

नकार म्हणजे साधा नाही. बकल वाजलं की ती धनुष्यासारखी मागे वाकायची आणि असा टाहो फोडायची की खालच्या मजल्यावरचा कुत्रा तिला साथ द्यायचा. त्या दिवशी दुपारी हे तिला सोसायटीच्या हॉलमध्ये बाळमालिशच्या वर्गाला घेऊन गेले होते. जाताना हसत गेली, येताना रडत आली.

"मालिश करताना काही झालं का?" मी विचारलं.

"छे. तिथे सगळी साधी माणसं. मी एकटाच सावध होतो."

भिंग बाहेर आलं. ह्यांनी कॅरिअर टेबलावर पसरलं आणि प्रेत तपासावं तसं ते तपासू लागले. मी ते बांधून बघितलं तर कमरेचा पट्टा पोटाला काचला.

"दान्बीची आई," हे गंभीर आवाजात म्हणाले, "निष्कर्ष कटू आहे. तू सुटली आहेस."

माझ्या हातात भाताचा कालथा होता. कायद्याची भीती नसती तर पुढचं रहस्य वेगळंच झालं असतं. "तुम्ही बांधून बघा," मी म्हणाले. त्यांनाही काचला. त्यांनी जरा विचार केला आणि सगळं घरच फुगत असल्याचं जाहीर केलं. पाण्यात काहीतरी आहे म्हणाले. पाणी त्यांच्याच खात्याचं, पण त्या दिवसापासून आम्ही बाटलीतलं प्यायलो.

कॅरिअरच्या खिशात त्यांना तांदळाच्या कुरकुऱ्याचा चुरा सापडला. हिरवट, समुद्रशेवाळ्याच्या चवीचा. दान्बी शेवाळ्याचं काही तोंडात धरत नाही.

"आता चित्र स्पष्ट आहे," हे खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाले. "एक बुटकी, बारीक अंगाची, शेवाळं खाणारी व्यक्ती आपल्या घरात शिरते, आपलं कॅरिअर बांधते, काहीतरी खाते आणि निघून जाते."

"कशासाठी?"

"हेतू नंतर. आधी पुरावा नष्ट होऊ नये म्हणून कॅरिअर धुतो."

"अहो, धुतल्यावरच पुरावा नष्ट होतो!"

"त्यावर बाळाला गुंगवणारं किंवा चिडवणारं रसायन असू शकतं. बाप आधी, गुप्तहेर नंतर." असं म्हणून त्यांनी ते लॅव्हेंडरच्या साबणात धुतलं. दान्बी रडली. पुन्हा धुतलं. पुन्हा रडली. तिसऱ्यांदा धुतल्यावर खालचा कुत्रासुद्धा शिंकू लागला.

शनिवारी सकाळी त्यांनी चोराच्या पावलांचे ठसे मिळावेत म्हणून दारात पीठ पसरलं. ठसे मिळाले. सासूबाई किमचीचे डबे घेऊन आल्या होत्या.

"काय रे, दारातच कणीक मळायला घेतलीस का?" त्या पांढरी पावलं झटकत म्हणाल्या.

ह्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. बुटकी. बारीक. आणि पिशवीत शेवाळ्याचा पुडा! त्यांनी जन्मदात्या आईला खुर्चीवर बसवलं आणि दिवा तिच्या तोंडावर वळवला.

"गुरुवारी दुपारी तू कुठे होतीस, आई?"

"तुझ्या बापाला जेवायला वाढत होते. तुला नाही वाढलं म्हणून राग आला?"

"कॅरिअरशी तुझं जुनं वैर आहे, कबूल?"

"कबूल. माणसाचं पोर काय बकलात अडकवतात? तुला पोदेगीत गुंडाळून पाठीला बांधलं आणि शेतभर मिरच्या खुडल्या मी. एकदा रडला नाहीस."

"का नाही रडलो?"

"तुला काही कळतच नव्हतं." त्यांनी दिव्याचं बटण बंद केलं. "अजून वाट बघतेय."

मग त्यांनी पिशवीतून ती पोदेगी काढली, म्हणजे बाळ पाठीला बांधायची पट्ट्यांची गोधडी. दान्बीला पाठीवर घेतलं, दोन झोके दिले, आणि पोरगी झोपली. माझ्या जिवात जीव आला. पण सासूबाईंना मिरचीची रोपं लावायला संध्याकाळच्या बसने परत जायचं होतं. ह्यांनी त्यांच्याकडून बांधायचं तंत्र शिकून घेतलं, आधी गोणीवर प्रयोग करायचा म्हणून गोणी बांधली, आणि गोणी गोधडीतून निसटून त्यांच्या अंगठ्यावर पडली.

रविवारी दुपारी माझा धीर सुटला. हे लंगडत होते, दान्बी रडून रडून घोगरी झाली होती, आणि मी वरिष्ठांना काय कळवायचं ते मनात जुळवत होते. रजा वाढवते, माझी जागा द्या कुणालाही. हे लिहिताना आता हसू येतंय, पण तेव्हा मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडले होते. बाहेरची हवा तरी लागू दे म्हणून आम्ही तिघं निघालो. दान्बी ह्यांच्या छातीवर, कॅरिअरमध्ये, ओरडत.

लिफ्ट वरून आली. आत रोऊनची आई होती, आमच्या वरच्या मजल्यावरची. चणीने एवढीशी बाई. रोऊन तिच्या हातात अंग टाकून रडत होता, आणि रिकामं राखाडी कॅरिअर तिच्या कमरेला ॲप्रनसारखं लोंबत होतं. तिचे डोळे सुजले होते. आम्ही एकमेकींना वाकून नमस्कार केला. दोन पोरांच्या आवाजात बोलायची सोय नव्हतीच.

तेवढ्यात दान्बीने हात लांब केला, त्या लोंबत्या कॅरिअरचा पट्टा पकडला, खेचून तोंडात घातला आणि गप्प झाली.

एकदम. नळ बंद करावा तशी.

"हलू नका!" हे रोऊनच्या आईला म्हणाले आणि माझ्या कानाशी लागले, "गुंगीचं औषध. हिने पट्ट्याला लावलंय. मी म्हणत होतो ना, बुटकी, बारीक..."

मी त्या पट्ट्याकडे बघत होते. गादीच्या टोकाला गाजराचा डाग होता. तो डाग मी स्वतः घासला होता आणि तो निघाला नव्हता.

"हे आमचं आहे," मी म्हणाले.

रोऊनच्या आईने ह्यांच्या छातीवरच्या कॅरिअरकडे पाहिलं, मग स्वतःच्या कमरेकडे. "मालिशचा वर्ग," ती हळूच म्हणाली. हॉलच्या बाहेर बूट काढायचे आणि कॅरिअर खुंटीवर टांगायचं. त्या दिवशी खुंट्यांवर ओळीने सगळी राखाडीच होती. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं.

"पट्टा सैल होत होता," ती म्हणाली. "मला वाटलं मी बारीक झाले. त्या आनंदात रोज केक खाल्ला." मग तिचा चेहरा वाकडा झाला. "आणि रोऊन माझ्याकडे यायलाच तयार नाही. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या अंगालाच माया नाही. मला ते खरं वाटायला लागलं होतं, दान्बीची आई."

मी तिला जवळ घेतलं. आमची तशी ओळख नव्हती, पण ती बाई रडत होती आणि मीही. मध्ये ह्यांचा दुखरा अंगठा पायाखाली आला, ते त्यांनी सहन केलं.

लिफ्ट खाली गेली, वर गेली, लोक दार उघडून बघून परत गेले. आम्ही आतच अदलाबदल केली. दान्बी आमच्या कॅरिअरमध्ये बसली आणि टोक चघळत झोपली. रोऊनच्या आईने रोऊनला त्यांच्या कॅरिअरमध्ये बसवलं. त्याने एकदा नाक लावलं आणि भोकाड पसरलं.

"ह्याला कसला वास येतोय?" तिने विचारलं.

आमच्या गुप्तहेरांनी छताकडे बघितलं.

"लॅव्हेंडर," मी म्हणाले. "तीनदा."

आपला वास परत लागावा म्हणून तिने ते नंतर रात्रभर उशाला घेतलं, आणि सकाळी रोऊन त्यात झोपल्याचा फोटो मला पाठवला. ह्यांना मात्र चैन पडेना. प्रकरणाचा छडा आपणच लावल्याचं त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून सूचना केली की प्रत्येकाने आपल्या कॅरिअरला काहीतरी खूण बांधावी. नमुन्याला स्वतः घेतलेल्या पिवळ्या बदकाचा फोटो टाकला. पहाटेच्या डिलिव्हरीने अर्ध्या सोसायटीत पिवळी बदकं आली.

सोमवारी मी कोट घालून दारात उभी राहिले. दान्बी ह्यांच्या छातीवर गाढ झोपली होती, गाल गादीला लागलेला, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. "दान्बी, आई चालली," मी म्हणाले. ती हललीही नाही. मी चार दिवस देवाकडे हेच मागत होते, आणि आता वाटत होतं, एकदा तरी रड गं. एकदाच. थोडंसं.

ह्यांनी ससाण्याची नजर माझ्यावर रोखली.

"डोळ्यांत पाणी. नाक लाल. घसा बसलेला."

"मग?"

"पिवळी धूळ. आज चीनच्या वाळवंटाकडून वारा आहे." त्यांनी खुंटीवरचा मास्क काढून माझ्या हातात दिला.

त्यांच्या मागे खिडकीत आभाळ लख्ख निळं होतं. पलीकडच्या डोंगरावरची झाडं एकेक करून मोजता आली असती.

"हो ना," मी म्हणाले. "फार आहे आज." आणि मास्क लावून लिफ्टचं बटण दाबलं.