चौथ्या वर्षासाठी कृपया स्टेजकडे पाहावे

आप्पारावांच्या पलंगावर गेले चार दिवस कुणालाच झोपता आलं नव्हतं, कारण पलंगावर बीडच्या हिवाळी महोत्सवाची वर्षं ओळीनं मांडून ठेवलेली होती. पहिल्या वर्षीचा पत्र्याचा बिल्ला, दुसऱ्या वर्षीची टोपी, तिसऱ्या वर्षीचा पुठ्ठ्याचा पंखा (डिसेंबरात पंखे वाटायची कल्पना कुणाची, हे समितीत अजून कुणी कबूल केलेलं नाही), मग कप, कॅलेंडर, कापडी पिशवी असं करत थेट यंदाच्या दहाव्या वर्षीच्या बिल्ल्यापर्यंत. महोत्सव आज संध्याकाळी सुरू व्हायचा होता, पण बिल्ला आप्पारावांनी आठवडाभर आधीच मिळवला होता.

आप्पाराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं त्यांनी गाड्या किती वाजता आल्या ते वहीत लिहिलं. निवृत्तीनंतर गाड्यांचा संबंध सुटला, वहीचा सुटला नाही. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी होती : आगमन अमुक तारीख, अमुक वाजता, हस्ते अमुक. अशी माणसं गावात एखाददुसरीच असतात, आणि ती आहेत तोवर गावाला आपण कालपरवा काय केलं ते कळत राहतं.

"आवं, हे तीनानंतर एकदम पाच कावून?" अंजनाबाईंनी चहा देता देता पलंगाकडं बघून विचारलं.

"चौथ्या वर्षी मी डेंग्यूनं दवाखान्यात पडलतो."

"ते म्हाईत हाय. उशाला मीच बसलते. पर अमरसिंहला काय सांगून आलाव तुमी? धाच्या धा वर्षांचं हाय म्हणून?"

आप्पाराव पुठ्ठ्याचा पंखा सरळ करू लागले. तो आधीच सरळ होता.

अमरसिंह म्हणजे महोत्सव समितीचे अध्यक्ष. दहाव्या वर्षानिमित्त मैदानात शिरताच समोर 'आठवणींचं दालन' करायचं त्यांनी ठरवलं होतं. त्याच जागेवर एका चिक्कीवाल्याचाही डोळा होता. भर बैठकीत अमरसिंहांनी विचारलं होतं, "आप्पा, दहाच्या दहा वर्षांचं हाय ना? एक जरी कमी पडलं तर जागा चिक्कीला." आणि जन्मात कधी गाडीची वेळ खोटी न लिहिलेले आप्पाराव छाती काढून म्हणाले होते, "धाच्या धा."

तेवढ्यात कय्युम मिस्तरी आला. कय्युम एरवी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो आणि महोत्सवात जनरेटर सांभाळतो. पहिल्या वर्षापासून त्यानं एकही वर्ष चुकवलेलं नाही. आप्पारावांनी त्याच्यापुढं मन मोकळं केलं.

"चौथ्या वर्षीचं कुठं काय मिळणार, आप्पा?" कय्युम म्हणाला. "त्या साली समितीत भांडण झालतं. बिल्ला न्हाई, टोपी न्हाई. स्टेजमागचा फ्लेक्स छापला तेवढाच. वीस बाय दहाचा."

"मंग तो कुठंय?"

"पालीला. भिवरा मावशीच्या कडब्याच्या गंजीवर. मीच नेऊन दिलता."

आपल्याकडं फ्लेक्सला दोन जन्म असतात. पहिल्यात तो तीन दिवस पाहुण्यांचं स्वागत करतो, दुसऱ्यात वर्षानुवर्षं कडबा कोरडा ठेवतो. कशात त्याचा जास्त उपयोग होतो, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आप्पाराव चहा तसाच ठेवून कय्युमच्या स्कूटरवर बसले.

पालीला आभाळ भरून आलं होतं. भिवराबाई शेण काढत होत्या. वय सत्तरीचं, आवाज तिशीतला.

"मिस्तरी, मोटार चालूय माझी. कशाला आलास?"

"मावशी, ते गंजीवरलं फ्लेक्स पायजेल."

"आन् गंजीवर काय टाकू, तुझं डोस्कं?"

"नवी ताडपत्री देतो की," आप्पाराव पुढं झाले.

"ताडपत्रीच्या दोन पावसाळ्यात चिंध्या व्हत्यात. ह्याला सा पावसाळे झाले, एक थेंब आत न्हाई. बदलून देयाचं तर महोत्सवाचंच द्या, दुसरं नगं."

महोत्सवाची इतकी मनापासून तारीफ आप्पारावांनी समितीच्या बैठकीतही ऐकली नव्हती. त्यांनी भारावून फ्लेक्सचा कोपरा उचलून पाहिला. छापील बाजू खाली होती, त्यामुळं रंग कालच छापल्यासारखे ताजे होते.

"चेहरे खाली कावून ठिवले?"

"वर ठिवले तर म्हैस बुजती. तिला वाटतं, एवढी माणसं चाऱ्याला आली." भिवराबाईंनी हात धुतले. "आन् जाड आना. मी चिमटीत धरून पोत बघूनच घेणार."

कय्युमनं तिथूनच अमरसिंहांना फोन लावला. मंडप, माईक आणि पाहुणे अशा तिन्ही आघाड्यांवर लढणारे अमरसिंह एवढंच म्हणाले, "स्टेजमागच्या खोलीत जुने रोल पडलेत. एक उचल आन् मला पुन्हा फोन करू नको." कय्युम एकटाच बीडला गेला. खोलीत तीन रोल होते, तिन्ही पांढरी बाजू बाहेर ठेवून गुंडाळलेले. खोली सकाळीच झाडूनपुसून काढलेली, त्यामुळं कुणावरच धूळ नव्हती. कय्युमनं प्रामाणिकपणे तिन्ही चिमटीत धरून पाहिले. दोन पातळ निघाले. तिसरा असा जाड, की त्याला मावशीचा चेहराच दिसला. त्यानं तो उचलला.

पालीत भिवराबाईंनी पोत तपासलं. "समिती सुधरली म्हणायची," त्या म्हणाल्या. रोल गंजीवर पांढरी बाजू वर ठेवून उलगडला गेला, तारा ओढल्या, दगड बांधले. जुना फ्लेक्स दोघांनी मोटारीच्या पाण्याखाली घासून धुतला, बांधावर वाळवला, आणि त्याची गुंडाळी मांडीवर घेऊन आप्पाराव नव्या नवरीला घेऊन निघाल्यासारखे बीडकडे निघाले.

पाच वाजता मैदान बघण्यासारखं झालं होतं. हुरड्याच्या आगट्या पेटल्या होत्या, कुस्तीच्या आखाड्यात माती ओली करत होते, मेंदीच्या रांगेत बुरखे आणि नऊवार एकाच चिमुकल्या स्टुलासाठी भांडत होते. आप्पारावांच्या स्टॉलवर मात्र एक अडचण होती : स्टॉल दहा फुटांचा, चौथं वर्ष वीस फुटांचं. दुमडून लावलं तर अर्ध्याच माणसांचा महोत्सव दिसत होता. चिक्कीवाला दोन वेळा येऊन जागा मापून गेला.

तेवढ्यात स्टेजवरून अमरसिंहांची आरोळी आली. "स्टेजचा फ्लेक्स कुठंय? सकाळी मागच्या खोलीत ठिवलता! धावं वर्ष म्हणून मुद्दाम लई जाड घेतलता!"

'जाड' हा शब्द ऐकल्याबरोबर जनरेटरपाशी उभा असलेला कय्युम खाली बसला. मग उठून स्टॉलवर आला.

"आप्पा, तुमी जरा बसून घ्या."

"कावून?"

"मावशीच्या गंजीवर यंदाचा गेला."

उद्घाटनाच्या पाहुण्या बाई बार्शी नाक्यावर पोचल्याचा निरोप आला. पालीला जाऊन गंजी सोडून परत यायला दीड तास, पाहुण्यांना यायला दहा मिनिटं. स्टेजवर बांबूंचा सांगाडा उघडा उभा होता आणि त्याच्या चौकटीत नेमकी मागची सार्वजनिक मुतारी बसली होती, 'रांगेत उभे राहावे' या पाटीसकट.

आप्पारावांनी मांडवाला टेकवलेल्या गुंडाळीकडं पाहिलं. ज्या वर्षाची उणीव सहा वर्षं सलत होती, त्याची वस्तू हाती येऊन जेमतेम पाच तास झाले होते. ती स्टेजवर गेली की चौथं वर्ष गेलं, स्टॉल गेला आणि भर बैठकीत दिलेला शब्दही गेला. त्यांनी गुंडाळी उचलून कय्युमच्या खांद्यावर दिली.

"चढ बे बांबूवर."

"आन् तुमचा स्टॉल?"

"मुतारीपुढं दिवा लावायला लावतो का पाव्हण्यांना? चढ म्हनलं ना!"

फ्लेक्स ताणला गेला आणि दिवे लागले. चौथ्या वर्षीच्या भांडणाचं मूळ असं होतं, की फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा यावर समितीचं एकमत होईना. शेवटी कुणाचाच टाकायचा नाही असं ठरून आदल्या वर्षीच्या प्रेक्षकांचा फोटो छापला होता. शेदीडशे साधी माणसं, हसणारी, कानटोप्या घातलेली, काही कणीस खाणारी. समोर मैदानात बसलेल्या लोकांनी वर पाहिलं. मग मैदानाला कंठ फुटला.

"अगं, ती मी! ते स्वेटर बघ!"

"ए आतिफ, तुझ्या अब्बांच्या डोक्याला किती केस होते बे!"

"आमचे दादा... तिसऱ्या रांगेत. बघ, हसतेत."

अमरसिंह माईककडं धावले. हा माणूस उगाच दहा वर्षं अध्यक्ष राहिलेला नाही. "बंधूंनो आणि भगिनींनो," ते म्हणाले, "दहाव्या वर्षी तुमीच पुन्हा स्टेजवर असावेत, असं समितीनं खूप विचार करून ठरवलं हाय!" टाळ्या इतक्या पडल्या, की आगटीवरचा हुरडा दोन मिनिटं कुणी हलवला नाही.

दीप लावून पाहुण्या बाई दालन बघायला आल्या. सोबत अमरसिंह, मागं गर्दी, गर्दीत चिक्कीवाला. टेबलावर नऊ वस्तू होत्या आणि तीन आणि पाचच्या मधल्या रिकाम्या जागेत आप्पारावांच्या अक्षरातली चिठ्ठी : 'चौथ्या वर्षासाठी कृपया स्टेजकडे पाहावे.'

बाईंनी चिठ्ठी वाचली, वळून स्टेजकडं पाहिलं, परत चिठ्ठीकडं पाहिलं. "वा! किती सुंदर कल्पना! कुणाची?"

अमरसिंह 'समिती' म्हणायला तोंड उघडतच होते, पण आप्पारावांचा धीर त्याआधी सुटला.

"कल्पना-बिल्पना काय न्हाई, बाई. खोटं बोललतो मी. माझ्याकडं नऊच वर्षं हायेत. चौथ्याचं काहीच न्हाई. ते स्टेजवरलंबी आजच आनलं, आन् ते माझं न्हाई." त्यांनी खाली मान घालून चिक्कीवाल्याला हात केला. "ये बाबा. मांड तुझं."

चिक्कीवाला एक पाऊल पुढं आला. पण गर्दीतून त्याच्याही पुढं एक बाई घुसली. चौसाळ्याची सुनिता.

"काहीच न्हाई कसं? आमच्या घरी हाय की चौथ्या सालचं! थांबा, उद्या आनते. जागा देऊ नका कुनाला!"

"माझ्याकडंबी हाय," मेंदीच्या रांगेतून उठून आलेली जिनत म्हणाली.

अमरसिंहांनी गर्दीचा सूर ऐकला आणि चिक्कीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हुरड्याशेजारची जागा दाखवली.

दुसऱ्या दिवशी सुनितानं माईकवर वाचायची एक चिठ्ठी आणली. चौथ्या वर्षी तिची सासू गर्दीत हरवली होती, तेव्हाची : 'हिरवे लुगडे, नाव सांगतात, गावही सांगतात, पण घरी जायला तयार नाहीत. नातेवाइकांनी येऊन समजूत काढावी.' सासूबाई स्वतः सोबत आल्या होत्या आणि चिठ्ठी खरी असल्याची साक्ष देत होत्या. जिनतनं मेंदीच्या स्पर्धेत मिळालेल्या सहा चमच्यांपैकी उरलेला एकुलता चमचा दिला. चौथ्या वर्षीच्या कुस्तीतल्या विजेत्यानं फेटा आणला, आणि हरलेल्यानं तेव्हा फाटलेली चड्डी. समितीनं त्या वर्षी काही छापलं नव्हतं, म्हणून लोकांनी हाताला लागेल ते जपून ठेवलं होतं.

मधल्या वेळात अमरसिंहांनी नवा फ्लेक्स आणायला पालीला माणसं धाडली. ती हात हलवत परत आली. भिवराबाईंनी निरोप दिला होता, की माल तपासून घेतलेला आहे, आता बदलून मिळणार नाही. ते ऐकून प्रेक्षकांनीच सुटकेचा निःश्वास टाकला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंजनाबाई दालनात आल्या. चौथ्या वर्षानं टेबल कधीच भरून टाकलं होतं आणि त्याच्यासाठी शेजारून दुसरं टेबल मागून आणलेलं होतं. एकंदर सदतीस वस्तू. बघायला रांग होती, आणि रांगेतली माणसं एकमेकांना आपली वस्तू दाखवत होती. पण आप्पाराव वही मिटून कोपऱ्यात तोंड पाडून बसले होते.

"आता काय झालं? जत्रा लोटलीय तुमच्या दालनाला."

"ह्या सदतीसपुढं बाकीच्या सालांचं बघ की," आप्पाराव खिन्न आवाजात म्हणाले. "एकेकच वस्तू. आदुगर माझं एकच वर्ष अपुरं होतं, अंजना. आता नऊ झाली."

कय्युम हळूच जनरेटरकडं सरकू लागला.

"कय्युम!" आप्पारावांनी हाक मारली. "पैल्या वर्षीचा फ्लेक्स कुनाच्या गंजीवर हाय बे?"