नानांचा नऊ व्होल्टचा रेडिओ

मंडळी, विजेच्या वस्तू तपासणाऱ्या कार्यालयात मी बावीस वर्षं काढली आहेत. त्यामुळे नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, रेडिओचा अडॅप्टर जळाला आणि बायको दुकानात निघाली, तेव्हा तिला मी दारातच अडवलं.

"अडॅप्टर कसला आणतेस? किट आणून मी अख्खा पॉवर सप्लायच बनवतो! शून्य ते तीस, हवे तेवढे व्होल्ट घ्या!"

"मला नऊच पुरतात," नाना म्हणाले.

नाना ब्याऐंशीचे. डोळ्यांना अक्षर दिसत नाही, त्यामुळे दुपारी दीडच्या बातम्या हाच त्यांचा जगाशी उरलेला संबंध. त्यात हा रेडिओ सासूबाईंनी आपल्या पहिल्या पगारातून घेतलेला. त्याला नाना दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देत नसत.

रविवारी सकाळी मी किट उघडलं. सोल्डरिंग करताना टेबलक्लॉथला तीन भोकं पडली आणि माझ्या अंगठ्याला एक फोड आला.

"अहो, धूर येतोय!"

"तांत्रिक काम आहे, येणारच!"

एक वाजता पेटी तयार झाली. माहितीपत्रकाच्या शेवटी तपासणीची पंधरा कलमं होती. ती बघून मला माहेरी आल्यासारखं वाटलं! आमच्या कार्यालयाची एक शिस्त आहे. फॉर्म भरला की वस्तू तपासून झाली. एकेक वस्तू उघडून बघत बसलो तर फॉर्म कधी भरायचे हो? मी पेन काढलं आणि चाळीस सेकंदांत पंधरा बरोबरच्या खुणा केल्या.

बायकोने कागद उचलला. "यात लिहिलंय, काहीही जोडण्याआधी मीटर लावून व्होल्ट मोजा. मोजलेत?"

"खूण केलीय ना!"

दीडला दोन मिनिटं कमी असताना मी पेटीचा नॉब बरोब्बर नऊच्या आकड्यावर आणला. नानांनी खुर्ची पुढे ओढली.

"जोडू का, नाना?"

"जोडा जावईबापू. तुम्ही तपासलंय म्हटल्यावर प्रश्नच नाही."

मी जोडला. रेडिओ कधी नव्हे इतका खणखणीत बोलला, "नमस्कार! आजच्या ठळक..." आणि फट्! मागून धुराची एक रेघ निघाली आणि सगळं चिडीचूप.

नानांनी कान रेडिओजवळ नेला. मग म्हणाले, "ठळक काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोने शेजाऱ्यांकडून मीटर आणला. नॉब नऊवर आणि मीटरवर एकवीस! नीट बघितलं तर नॉबभोवतीचे आकडेच उलटे छापलेले. शून्याच्या जागी तीस, तिसाच्या जागी शून्य. माझ्या जिवात जीव आला!

"बघा! चूक माझी नाहीच! असला माल बाजारात येतोच कसा? तपासणारा काय झोपा काढत होता? अशा माणसाला घरी बसवलं पाहिजे!"

बायको खोका उलटा करून बघत होती.

"इथे चिठ्ठी आहे. 'तपासले, योग्य आढळले.' खाली सही."

"कुणाची? नाव सांग, उद्याच धारेवर धरतो!"

"नाव नाहीये. पण आपल्या लग्नाच्या दाखल्यावर अशीच सही आहे."

मी खोका तिच्या हातातून घेतला आणि गुपचूप कपाटावर ठेवला.

दुरुस्तीवाला म्हणाला, सुटे भाग मिळाले तर दोन महिने, नाही मिळाले तर रामराम. नवा रेडिओ आणतो म्हटलं तर नानांनी नुसती नकाराची मान हलवली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग तोडगा बायकोने काढला.

तेव्हापासून रोज दीड वाजता मी कार्यालयातून घरी फोन लावतो आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या नानांना मोठ्याने वाचून दाखवतो. अगदी "नमस्कार" पासून! आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक जेवता जेवता ऐकतात. परवा साहेबांनी केबिनमधून आवाज दिला, "हवामान राहिलं!"

काल मी अगदी रंगात आलो होतो. अर्ध्या बातमीत फोन बंद! लगेच परत लावला.

"नाना, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"छे छे, मी ठणठणीत आहे," नाना म्हणाले. "तुमची खरखर फार येत होती. म्हटलं, दुसरं स्टेशन लागतंय का बघावं!"