शेजारस्नेह समितीचं कुलूप

शेजाऱ्यावर प्रेम करणं ही फार जबाबदारीची बाब आहे. ती एकट्यादुकट्या माणसावर सोपवली की तो सरळ जाऊन शेजाऱ्याशी बोलायला लागतो आणि घोटाळा होतो. म्हणून आमच्या चर्चने शेजारस्नेह समिती नेमली. मी तिचा चिटणीस.

समितीच्या वाट्याला आलेले शेजारी म्हणजे चर्चच्या सभागृहाच्या भिंतीला लागून ज्यांचं दुकान आहे ते किल्लीवाले. ते मुसलमान आहेत आणि कमालीचे बोलघेवडे आहेत. (हे दुसरं मागाहून कळलं, कारण तोवर समिती त्यांच्याशी बोलली नव्हती.)

मैत्रीचा आराखडा अध्यक्षबाईंनी आखला. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या शाळेत मुलं मधल्या सुट्टीतही रांगेत खेळत. आराखड्यात आधी प्रार्थना, मग सेवा आणि सर्वात शेवटी ओळख, असा क्रम होता. प्रार्थनेचा टप्पा उत्तम पार पडला. दर शनिवारी सकाळी आम्ही किल्लीवाल्यांच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करायचो. (गुडघे दुखतात का, हे विचारायला ओळखीचा टप्पा यायचा होता.)

सेवेपाशी मात्र गाडं अडलं. सेवा करायची तर समोरच्याला काहीतरी अडचण हवी, आणि किल्लीवाल्यांना मेली एकही अडचण नव्हती. सेवा गुपचूप करावी म्हणून आम्ही दुकान उघडायच्या आधीच पायऱ्या झाडायला गेलो, तर पायऱ्या लख्ख. रक्तदाब तपासणीचं शिबिर भरवलं, तर ते फिरकलेच नाहीत आणि आमच्या चर्चच्या पाळकांचाच रक्तदाब वाढलेला निघाला.

अशात सभागृहाच्या दाराला नवं कुलूप बसवायचं ठरलं. प्रार्थना चालू असताना कुणीही आत डोकावायचं, म्हणून. कुलूप शेजारूनच घ्यावं अशी सूचना आली. पाळकांनी ती फेटाळली. ज्याच्याशी मैत्री करायची त्याच्याशी व्यवहार कसा करायचा? म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाहून कुलूप आणलं. स्वस्तात पडलं. आतून लागायचं तर फारच सुरेख.

कुलूप बसवल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं, आणि ते पाळकच लावणार होते. पण नियमित सभा रद्द करण्याची तरतूद समितीच्या नियमांत नाही. त्यामुळे आम्ही सगळे लग्नाच्या कपड्यांतच गुडघ्यांच्या प्रार्थनेला बसलो. प्रार्थना संपली, पाळकांनी किल्ली फिरवली, आणि अर्धी किल्ली त्यांच्या हातात आली. खिडक्यांना गज होते.

"शेजारच्या किल्लीवाल्यांना बोलवू या," मी म्हणालो.

"काहीतरीच काय!" अध्यक्षबाई कडाडल्या. "आपण अजून त्यांची काडीची सेवा केलेली नाही. उलट आपणच त्यांची सेवा घेतली, तर आराखड्याचं काय करायचं?"

"बाई, माझ्या मुलीचं लग्न आहे हो."

"भावनेच्या भरात निर्णय नकोत. खाली बसा."

मी बसलो. (मी त्यांचा विद्यार्थी.) मग दार उघडावं, पण शक्यतो किल्लीवाल्यांच्या हातून उघडू नये, अशी प्रार्थना सुरू झाली. तिला सर्वांनी मनापासून आमेन म्हटलं.

तेवढ्यात बाहेरून दारावर थापा पडल्या. "बाबा! काय चाललंय आत? सगळे खोळंबलेत!"

"कुलूप अडकलंय गं!"

"मग काकांना हाक मारायची ना! थांबा, आणते त्यांना."

"कोण काका?"

"अहो बाबा, किल्लीवाले काका. चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसलेत. मीच बोलावलंय लग्नाला."

माझी मुलगी शाळेत असल्यापासून घराची किल्ली हरवायची, त्यांच्या दुकानात जायची आणि नवी किल्ली होईपर्यंत चहा पीत बसायची, हे आम्हाला तेव्हा समजलं. त्यांचे गुडघे ठणठणीत असल्याचंही तिला ठाऊक होतं.

"समितीची परवानगी घेतली होतीस का?" अध्यक्षबाईंनी दाराआडून विचारलं. पण ती पळाली होती. दाराच्या फटीतून तिच्या पांढऱ्या झग्याची कड तेवढी दिसली. ती चालायला लागली तेव्हापासून तिला हात धरून वेदीपर्यंत नेण्याची मी वाट बघत होतो. मला रडूच फुटलं.

"भाऊ, रडता काय? मागे सरा," बाहेरून आवाज आला. पुढची बरीच मिनिटं किल्लीवाल्यांचं तोंड आणि हत्यार दोन्ही चालू होती. दार चांगलंच खरवडलं, पण उघडलं. इस्त्रीच्या शर्टात, घामाने थबथबलेले किल्लीवाले समोर उभे. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"अलहमदुलिल्लाह! आमच्या मशिदीतही समिती आहे हो, शेजाऱ्यांच्या सेवेची. कधीपासून तुमच्यासाठी दुआ करतोय, पण तुमचं काही बिघडेल तर शपथ! आज कुठे बिघडलं." असं म्हणून त्यांनी तुटक्या कुलपाचा आणि रडणाऱ्या चिटणिसाचा फोटो काढला. पाळकांनी खिशात हात घातला, तर म्हणाले, "छे छे, पैसे घेतले तर सेवा कसली?"

लग्न लागलं. जेवताना सबंध समिती किल्लीवाल्यांना वाढायला धावली. त्यांनी धोका ओळखला, ताटावरून उठले, पाण्याचा जग उचलला आणि अध्यक्षबाईंचाच पेला भरला. जाताना वधूवरांना एक दणकट कुलूप भेट दिलं.

तेव्हापासून समितीला अन्न गोड लागत नाही. आधी उपकार फेडायचे, मगच मैत्री. पण त्यांचं काही बिघडतच नाही. शेवटी प्रार्थनेचा मजकूर बदलला. किल्लीवाल्यांचं काहीतरी बिघडावं; फार नको, नळ गळण्याइतपत. मागच्या आठवड्यात त्यांचा नळ खरोखर गळू लागला. समिती बादल्या घेऊन पोहोचली, तोवर माझ्या मुलीने आणि जावयाने वायसर बदललाही होता, आणि तिघं चहा पीत हसत बसले होते. आमच्यासाठी त्यांनी आणखी कप काढले. आम्ही अर्थातच नकार दिला.

एकाच शेजाऱ्यावर विसंबण्यात अर्थ नाही हे ध्यानात आल्याने समितीने आता कार्यक्षेत्र वाढवलं आहे. त्यात आपलंही घर आहे. आपल्याकडे काही बिघडलं असल्यास ताबडतोब कळवावं. अजून काहीच बिघडलं नसेल, तर समिती आपल्याला विसरली असं कृपया समजू नये. आपल्यासाठी दर शनिवारी प्रार्थना चालू आहे.