नावाला वाळवी

भास्करअण्णा आपलं नाव कुठंही लिहू देत नाहीत. लग्नात आहेर देतात, पण वहीवर पेन टेकायच्या आत लिहिणाऱ्याचा हात धरतात. "मन्हं नाव लिखू नको भाऊ. मन्हा नावले वाळवी लागेल शे." नावाला वाळवी लागलीय म्हणे. गणपतीची वर्गणी 'एक गृहस्थ' म्हणून. गोडादऱ्याच्या वस्तीत आमची दारं समोरासमोर, त्यामुळे त्यांच्या कुरिअरवर सही करायचं काम माझ्याकडे. मी शाळामास्तर, माझं नाव अजून शाबूत आहे, असं ते म्हणतात.

अण्णा धुळ्याकडून इथं आले ते यंत्रमागावर कामगार म्हणून, पुढे बारा लूमचे मालक झाले. मंदीत उधारीवर दिलेलं कापड बुडालं आणि कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करावा लागला. लूम विकले गेले, उरलेल्या देण्यातून कोर्टानं मोकळं केलं. अण्णांना वाटलं, सुटलो. ते दुसऱ्यांचे लूम दुरुस्त करू लागले.

सुटलो नाही, हे फ्रिजच्या दुकानात कळलं. मी सोबत होतो. हप्त्यावर द्यायचा म्हणून सेल्समननं अण्णांच्या पॅनकार्डाचा नंबर घातला, स्क्रीन पाहिली आणि आवाज खाली आणला. "काका, बीजा कोईना नामे करी दो ने." दुसऱ्या कुणाच्या नावावर करा म्हणे. अण्णांनी तिथंच त्याला आपल्या दिवाळ्याची हकिकत पहिल्यापासून सांगितली. मागचं गिऱ्हाईक ताटकळलं. नंतर बँकेनंही कर्जाला नकार दिला. एक फायनान्सवाला तयार झाला, पण मला लागतं त्याच्या जवळपास दुप्पट व्याजानं.

"ज्याच्याजवळ पैसा नाही, त्यालेच पैसा महाग," अण्णा रस्त्यात थांबून म्हणाले आणि तरातरा चालू लागले.

तेव्हापासून त्यांना चैन नाही. येरझाऱ्या घालत फोनवर आपला क्रेडिट स्कोअर बघायचे. वहिनी आतून विचारायच्या, "उतरला का ताप?"

यंदा मनीषाला, त्यांच्या मुलीला, नर्सिंगला प्रवेश मिळाला. शिक्षणकर्जाच्या अर्जावर सहकर्जदार म्हणून वहिनींचं नाव. त्या शिलाईच्या कारखान्यात पगारावर आहेत. बँकेचा माणूस घर बघायला येणार म्हटल्यावर अण्णांनी पिशवी भरली आणि शहराबाहेर चलथाणला एक खोली भाड्यानं घेतली. गल्लीत कुजबुज झाली की नवराबायकोचं बिनसलं.

महिन्याभरानं कर्ज मंजूर झालं. मनीषानं बँकेत वडिलांबद्दल स्वतःच सगळं सांगून टाकलं होतं. मॅनेजर म्हणाले, "ते कर्जदारच नाहीत. त्यांच्या नादारीचा इथं संबंध येत नाही."

हे सांगायला मी चलथाणला गेलो. अण्णा दारातच उभे.

"व्याज कितलं लागनं?"

"सगळ्यांना लागतं तेवढंच."

"जास्ती नाही?"

"अजिबात नाही. चला घरी."

"बँकेचा पहिला हप्ता कॉलेजात जाऊ द्या, सर. मंग येतो." मग एकदम म्हणाले, "काल पोर थकेल दिसनी. तिची पिशवी फार जड आहे."

"काल? तुम्हाला कुठं दिसली?"

त्यांनी मला पाणी दिलं आणि ते खिडकीकडे गेले.

मी मॅनेजरचं बोलणं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी पिशवी उचलली. बसमध्येही दोनदा विचारलं, मॅनेजर नेमके काय म्हणाले. उतरून आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आलो, तसे अण्णा बंद पानटपरीच्या आडोशाला थबकले.

"इथं उभा ऱ्हायचो रोज," ते म्हणाले. "इथून आपली गॅलरी बरोबर दिसते. दोघी जेवायला बसल्या की त्याबी दिसतात." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "फक्त काय बोलतात, ते ऐकू येत नाही."