‘पुसा’ आज्ञेचे दहा सेकंद

कार्यालये माणसांच्या बोलण्यावर नव्हे, न बोलण्यावर चालतात. आमच्याकडे बैठकीत जो गप्प बसतो त्याची संमती धरली जाते. त्यामुळे आजवर एकही ठराव फेटाळला गेलेला नाही (आणि कोणाचा चहाही गार झालेला नाही).

आमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे कार्यालयातला एकमेव एसी ज्याला मिळाला आहे त्या खोलीभर संगणकावर, ‘पुसा’ अशी एक आज्ञा आहे. कोणती फाइल पुसायची हे सांगायला माणूस विसरला, तर यंत्राने काय समजायचे? हे ठरवायला आम्हा सात जणांची समिती नेमली.

समितीने आधी पाहणी केली. शंभरांतले सत्त्याण्णव जण समोरचे न वाचताच बटण दाबतात. उरलेल्या तिघांपैकी दोघांचे बटण बिघडलेले होते. एक जण खरोखर वाचत होता. त्याची चौकशी चालू आहे.

मग ठरले ते असे. फाइल सांगितली नाही, तर सर्वांत मोठी पुसावी (जागा भरपूर मोकळी होते). आधी ‘नक्की?’ असे विचारावे, कारण आपण काही राक्षस नाही. दहा सेकंदांत उत्तर आले नाही, तर प्रथेप्रमाणे होकार समजावा.

सर्वांत मोठी फाइल विहिरींच्या नोंदी ठेवणाऱ्या बाईंची होती. दर सोमवारी दोरी सोडून मोजलेली अकरा वर्षांची पाणीपातळी. दुसरी प्रत नव्हती.

“अहो, ती गेली तर माझी अकरा वर्षं गेली!” बाई बैठकीत येऊन म्हणाल्या. “कोणी काही बोललं नाही तर काहीच पुसू नका. एवढं साधं ठेवा ना!”

“मुद्दा बिनतोड आहे,” अध्यक्ष म्हणाले. “लेखी द्या.”

आम्ही बाकीचे सहा जण चहा पीत होतो.

मंगळवारी चाचणी झाली. ऑपरेटरने ‘पुसा’ एवढेच टाइप केले. पडद्यावर ‘नक्की?’ उमटले. तो ‘नाही’ लिहिणार, तोच फोन वाजला. बाईच होत्या. हरकत किती प्रतींत द्यायची, विचारत होत्या.

“तीन प्रतींत, बाई. आणि प्रत्येक पानावर सही हवी.”

एवढ्याला अकरा सेकंद लागले.

बुधवारी बाई तिन्ही प्रती घेऊन आल्या. आवक विभागाने त्यांवर शिक्का मारून दिला. मला फार वाईट वाटले, पण मी बोललो नाही.

तुम्ही मात्र हसू नका. फोन वाजला तेव्हाच पुढे काय होणार ते तुम्हाला कळले होते आणि तुम्ही हूं की चूं केले नाही. इतिवृत्तात तुमचीही संमती नोंदवली आहे. हरकत घ्यायची मुदत हे वाक्य वाचून होईपर्यंतच होती.