सहादेव मास्तरांची इर्जिक

शुक्रवारी तपासणीला साहेब येणार आणि तो खूश झाला तरच आपली नोकरी कायम होणार, हे कळल्यापासून सहादेव मास्तर दिवस मोजत होते. नोकरी कायम झाल्याशिवाय लग्नाची तारीख धरायची नाही, असं होणाऱ्या सासऱ्यांनी बजावलं होतं. मास्तर नगर शहरातले. मिरजगावच्या बाजूच्या या गावात नवं हायस्कूल निघालं, तेव्हा ते हंगामी म्हणून आले आणि हंगामीच राहिले.

त्यातच वरून फर्मान आलं की, खेड्यातल्या मुलांना लोकसेवेतून पुढारी बनवा. मास्तरांनी लगेच वर्ग भरवला.

"पुढारी कधी अडखळत नाही," ते म्हणाले. "लोकांनी काही विचारलं की ताबडतोब उत्तर द्यायचं."

शाळेपुढच्या वाटेत एक खड्डा होता. त्यात गाडी उतरली की बैलांची नुसती शिंगं दिसत. गावाकडून तो बुजवून घ्यायचा ठरला, आणि गोरक्ष व दाऊद हे वर्गातले दोन होतकरू पुढारी घरोघर सांगत सुटले.

"इर्जिक कुनाची?" जो तो विचारी. गावानं मिळून एकाचं काम उरकायचं, ती इर्जिक.

"मास्तरांची!" गोरक्ष न अडखळता सांगे.

शुक्रवारी सकाळी अख्खं गाव कुदळी-फावडी घेऊन, हलगी वाजवत हजर झालं. दुपारपर्यंत खड्डा बुजला. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. मग लोकांनी हातपाय धुतले आणि शाळेच्या पटांगणात रांगेनं मांड्या घातल्या.

"हे काय चाललंय?" मास्तरांनी विचारलं.

"इर्जिक न्हवं का मास्तर?" पुढच्या रांगेतला सूर्यभान म्हणाला. "ज्याची इर्जिक, त्यानं जेवान घालायचं. आमी लई मागत न्हाई. भाकरी, आमटी, आन गोडाचं कायतरी."

मास्तरांना खोलीवरचा डबा आठवला. महायुद्ध संपलं तरी धान्य रेशनवरच होतं. त्यांच्या डब्यात मूठभर जोंधळे होते आणि त्यांवरही उंदरांचा डोळा होता.

"सर, भिऊ नका. आमी पुढारी हाय," दाऊद म्हणाला. टोपल्या घेऊन मुलं पळाली ती थेट त्याच लोकांच्या घरी.

"इर्जिक मास्तराची आन भाकरी मी थापू?" सूर्यभानची बायको गोजरबाई कडाडली.

"मामी, पंगतीत मामाच उपाशी बसल्यात," दाऊद म्हणाला.

गोजरबाईनं मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत भाकऱ्या थापल्या. घरोघर तेच झालं. सूर्यभाननं पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले.

"वा! मास्तर, बायको करा तर असली भाकरी करनारी. आमच्या घरात असली भाकरी उभ्या जन्मात मिळाली न्हाई!"

आमटीचं पातेलं घेऊन गोजरबाई मागेच उभी होती. त्यानंतर सूर्यभाननं जे ऐकलं, ते विद्यामंदिराच्या आवारात सांगण्यासारखं नाही.

तेवढ्यात नव्या वाटेवरून साहेबांची मोटार आली. साहेबांनी बुजलेला खड्डा पाहिला, पंगत पाहिली, वाढणारी मुलं पाहिली आणि ते खूश झाले. फार खूश झाले.

"उत्तम! ही मुलं आता कुणावाचून अडायची नाहीत. इथं मास्तर ठेवायचा म्हणजे सरकारला नसता भुर्दंड. सोमवारपासून तुम्ही मोकळे!"

मास्तरांना बोहल्यावरून हात धरून उतरवल्यासारखं झालं.

हे गोरक्षानं ऐकलं. त्यानं दाऊदला सांगितलं, दाऊदनं सूर्यभानला. सूर्यभानला नाहीतरी इतक्यात घरी जायचं नव्हतंच. साहेब आत चहा घेत होते तोवर गावानं खड्डा पुन्हा उकरला, आणि जेवण अंगी लागल्यामुळे तो आधीपेक्षा खोल झाला.

"मी आलो तेव्हा हा खड्डा नव्हता!" साहेब ओरडले.

"नव्हता की," सूर्यभान म्हणाला. "सकाळी हुता. मदी थोडा वेळ नव्हता."

"ताबडतोब बुजवा!"

"बुजवतो. पन इर्जिक कुनाची म्हनायची?"

"माझी! मी सांगतोय ना!"

हलगी वाजली. तिन्हीसांजेला वाट पुन्हा सपाट झाली. साहेब मोटारीत बसले. लोकांनी हातपाय धुतले आणि मोटारीच्या चारी बाजूंनी मांड्या घातल्या.

"सायब, दुपारी गोडाचं राहून गेलं," सूर्यभान म्हणाला. "आता काय करताय?"

प्रकार काय आहे तो ड्रायव्हरनं साहेबांच्या कानात सांगितला. साहेबांचा चेहरा पडला. "मास्तर, आवरा ह्यांना!"

"आवरलं असतं साहेब," मास्तर शांतपणे म्हणाले. "पण ह्यांना उठवायचं तर मुलं मध्ये पडायला हवीत, आणि मुलांना सांगायचं तर मास्तर हवा. मी तर मोकळा."

साहेबांनी मोटारीच्या टपावर कागद ठेवला आणि शेरा लिहिला: 'मुलांच्या अंगी पुढारीपण भरपूर आले आहे. ते कमी करण्यासाठी सदर शिक्षकास कायम करावे.'