एकवीस मिलिमीटरचे थोरले जावई

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी सासऱ्यांच्या पुढच्या खोलीतल्या टीव्हीवर वंशवृक्ष झळकला आणि चार चोवीसला थोरले जावई बूट घालायला उठले.

मधल्या चार मिनिटांचं खापर धाकट्या जावयांच्या डोक्यावर फुटलं, आणि ते रास्तच होतं. हे धाकटे जावई वेबसाइट बांधतात. कागदावरचं डिझाइन पडद्यावर आणणं हे त्यांचं वीस वर्षांचं काम. "डोळे मिटून करतो!" असं त्यांनी आदल्या रविवारी बायकोला सांगितलं होतं. बायको म्हणाली, "एक डोळा तरी उघडा ठेवा हो. माझ्या ताईचा नवरा यायचाय."

ताईचा नवरा म्हणजेच थोरले जावई, निवृत्त जमीन-मोजणी अधिकारी. सहा वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यावर घरच्या सगळ्यांच्या नावांची लाकडी पाटी लागली. शेवटी फळी कमी पडली आणि थोरल्या जावयांचं नाव बारीक कोरावं लागलं. ते भरल्या ताटावरून उठले, ते पुन्हा या घरात आले नाहीत. आज सासऱ्यांना पंच्याऐंशी पूर्ण होत होती. ताईंनी महिनाभर मनधरणी करून तह घडवला होता. तहाचं कलम एकच: वंशवृक्षात सगळ्यांची नावं एकाच आकाराची! ताईंचा छापखाना, त्यामुळे कागदावरचं डिझाइन त्यांचंच. प्रत्येक नाव बारा पॉइंट.

धाकट्या जावयांनी ते चुटकीसरशी पडद्याच्या मापात बसवलं. बारा पॉइंट म्हणजे सोळा पिक्सेल. पानाचं मूळ अक्षर वीस पिक्सेलचं. सोळा भागिले वीस, ०.८. माप 'एम'मध्ये लिहिलं, म्हणजे बाहेरच्या अक्षराच्या किती पट ते. सगळ्यात वरचं नाव सासऱ्यांचं. तेवढं एक तपासलं, बरोबर सोळा आलं. लॅपटॉप मिटला!

घोळ असा की वंशवृक्ष म्हणजे डब्यात डबा. सासऱ्यांच्या पोटात मुली, मुलींच्या पोटात जावई, जावयांच्या पोटात नातवंडं, नातवंडांच्या पोटात पणतवंडं. आणि प्रत्येक डबा बाहेरच्या डब्याच्या ०.८ पट! पिढ्या खाली उतरतील तशी अक्षरं वाळत गेली. तळाशी थोरल्या जावयांची पाच महिन्यांची नात चिऊ. ती तर पडद्यावर डास बसावा तशी दिसत होती.

थोरल्या जावयांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. पट्टी घेऊनच आले होते! टीव्हीला नाक लावून मोजलं.

"मामंजी, तेहेतीस मिलिमीटर. मी, एकवीस."

"भाऊसाहेब, अहो माझंही एकवीसच आहे," धाकटे जावई म्हणाले.

"असं? मग हे काय?"

पट्टी पानाच्या तळाशी टेकली. तिथे 'पान घडवणारे' अशी ओळ होती आणि पुढे धाकट्या जावयांचं नाव. ही ओळ कुठल्याच डब्यात नव्हती.

"एक्केचाळीस! स्वतःला एक्केचाळीस, थोरल्या साडूला एकवीस! वा, साडूभाऊ, वा!"

आणि ते दाराशी गेले.

"अहो, निदान चहा..." ताई मागे धावल्या.

"चहाही एकवीस मिलिमीटरच मिळेल!" एक बूट पायात गेला.

धाकट्या जावयांनी घाईघाईने लॅपटॉप उघडला. बायकोने नुसतं पाहिलं. तो एक डोळा बरोबर तिने उघडा ठेवला होता! आता विचार करायला वेळ कुठला? ०.८ ने अक्षरं लहान होतात, तर उलटं करू. एक भागिले ०.८, सव्वा! त्यांनी सव्वा ठोकला.

पडदा फुगला. सासरे एक्कावन्न, मुली चौसष्ट, जावई ऐंशी मिलिमीटर!

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "जावई सासऱ्यांच्या डोक्यावर बसले!"

"बसूनच होते," सासरे म्हणाले. "आता दिसले एवढंच."

दुसरा बूट हातात धरून थोरले जावई परत आले. मोजायचं म्हटल्यावर त्यांना राहवतं कुठे! एका पायात बूट, एका पायात मोजा, असे लंगडत टीव्हीपाशी गेले. स्वतःच्या नावाला पट्टी लावली, ऐंशी पाहून घसा साफ केला. मग नजर खाली गेली. तळाशी, टीव्हीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, चिऊ पसरली होती.

"एकशे पंचवीस," ते हळूच म्हणाले. ताईंच्या कडेवरच्या नातीकडे वळले. "अगं लबाडे! सगळ्यांना मागे टाकलंस की!"

चिऊने पट्टी पकडली आणि तोंडात घातली. सहा वर्षांत पहिल्यांदा या खोलीत थोरले जावई हसले.

तेवढ्यात धाकट्या जावयांना खरी चूक सापडली. माप 'एम'मध्ये नाही, 'रेम'मध्ये हवं होतं. रेम बाहेरचा डबा बघतच नाही, थेट पानाच्या मूळ अक्षरावरून मोजतो. एक 'र' घातला, ०.८ परत आणला, तळाच्या ओळीतून स्वतःचं नाव खोडलं. आता सगळी नावं तेहेतीस मिलिमीटर. थोरल्या जावयांनी चिऊच्या तोंडातून पट्टी सोडवली, पुसली आणि वरपासून खालपर्यंत सगळी नावं मोजली.

"तेहेतीस. सगळी तेहेतीस," ते म्हणाले.

तह पाळला गेला होता. तरी ते खूश दिसेनात. धाकट्या जावयांना कोपऱ्यात ओढून त्यांनी आवाज खाली आणला.

"साडूभाऊ, ते मधलं पान... कुठे ठेवलंय का? चिऊसाठी म्हणतो मी."

"ठेवलंय, भाऊसाहेब."

"त्यात माझं ऐंशीच होतं ना?"

सहा वाजून पाच मिनिटांपर्यंतची खबर अशी: टीव्हीवर ते मधलं पान आहे, चहाची दुसरी फेरी चालू आहे, थोरल्या जावयांचा उजवा बूट अजून पायात आहे आणि पट्टी घेऊन ते सासऱ्यांबरोबर कारखान्याच्या पाटीकडे निघाले आहेत.